वस्तऱ्याची धार आणि मनाची भीड

शनिवारची संध्याकाळ. शेतातील कामे आटोपून, गुरांना वैरण टाकून, गावातील पुरुषमंडळी केशकर्तनालयाच्या बाकावर येऊन बसलेली असतात. उद्या रविवार. मिस्सेला जावयाचे तर दाढी केलेली हवी, केस नीट कापलेले हवेत, ही आपल्याकडे वाडवडिलांपासून चालत आलेली रीत. एकेक गिऱ्हाईक खुर्चीवर बसते व उठते. गप्पा चाललेल्या असतात. पावसाच्या, भाताच्या, मुलांच्या परीक्षेच्या. अशात कुणाच्या हनुवटीखाली वस्तरा किंचित अडखळतो व जरासे चरचरते. रक्ताचा एक थेंब वर येतो. न्हावी तुरटीचा खडा त्यावरून फिरवतो, ‘काही नाही, आता थांबेल’ असे म्हणतो, आणि गिऱ्हाईकही हसून मान डोलावते. तेवढ्यावर तो विषय संपतो.

तो खरोखरच तेवढ्यावर संपतो काय, याचा विचार आज या सदरात करावयाचा आहे.

मध्यंतरी एका रविवारी मिस्सा झाल्यावर ख्रिस्तमंदिराच्या आवारात एका वडीलधाऱ्या गृहस्थांशी या विषयावर बोलणे निघाले. ते म्हणाले, “अहो, पन्नास वर्षे मी एकाच दुकानात दाढी करतो आहे. आताच्या न्हाव्याचा बापदेखील माझी दाढी करीत असे. मला काय झाले?” मी काही उत्तर देण्यापूर्वीच त्यांनी आवाज थोडा खाली आणला व म्हणाले, “आणि खरे सांगू का? ‘पाते बदल’ असे म्हणायचे तर त्याला वाईट वाटेल हो. घरच्यासारखा माणूस आहे तो.”

वाचकहो, पहिल्या वाक्यात त्यांची शंका होती. दुसऱ्या वाक्यात त्यांची भीड होती. शंकेचे समाधान ज्ञानाने होते. भिडेचे काय करावे, हा खरा प्रश्न आहे. आज दोहोंचाही परामर्श घेऊ.

प्रथम शंका. एखाद्या विहिरीला पन्नास वर्षे कठडा नव्हता आणि कुणी आत पडले नाही, म्हणून ती विहीर निर्धोक होती असे आपण म्हणत नाही. देवाची कृपा झाली असे म्हणतो, आणि पुढच्या वर्षी कठडा बांधून घेतो. शिवाय येथे आणखी एक गोष्ट आहे. विहिरीत पडलेला मनुष्य सर्वांना दिसतो. पण वस्तऱ्याच्या ओरखड्यातून आत शिरलेला रोग वीस-वीस वर्षे कुणालाही, खुद्द रोग्यालाही, दिसत नाही. तो दिसू लागतो तेव्हा त्याचा संबंध शनिवारच्या त्या दाढीशी लावण्याचे कुणाच्या स्वप्नातही येत नाही.

परमेश्वराने आपल्या देहाभोवती त्वचेची एक भिंत बांधली आहे. ही भिंत जोवर अभंग आहे तोवर बहुतेक जंतू बाहेरच राहतात. दाढी करताना वस्तरा केवळ केसच कापतो असे नव्हे. त्वचेच्या वरच्या थराचा सूक्ष्म अंशही तो खरवडून नेतो. रक्त दिसले तरच जखम झाली असे आपण समजतो. पण डोळ्यांना न दिसणारे कितीतरी बारीक ओरखडे प्रत्येक दाढीत पडत असतात. पाण्याचा हात लागताच गालांची जी आग होते, ती या ओरखड्यांचीच साक्ष होय. या फटींतून जे आत शिरू शकते, त्याचे दोन प्रकार आहेत. एक प्रकार लवकर दिसणारा व बहुधा सौम्य. दुसरा लपून राहणारा व भयंकर.

लवकर दिसणाऱ्यांत पहिली येते केसांच्या मुळांची सूज. दाढीनंतर दोन-चार दिवसांत हनुवटीवर व गळ्यावर पुवाळलेल्या बारीक पुटकुळ्या उठतात, खाज सुटते, खाजवले की त्या पसरतात. त्वचेवर वावरणारे पू करणारे जंतू ओरखड्यातून केसांच्या मुळाशी गेले म्हणजे असे होते. दुसरा नायटा किंवा गजकर्ण. ही बुरशी असते. ती वस्तऱ्यावरून, केस कापण्याच्या यंत्रावरून, कंगव्यावरून व ओलसर पंचावरून एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जाते. अलीकडील काळात आपल्या देशात नायटा अधिक चिवट झालेला आहे, आणि औषधाच्या दुकानातून कुणाला न विचारता आणलेल्या स्टेरॉइडच्या मलमांनी तो बरा न होता फोफावतो. म्हणून अशी खाज आठवडाभर टिकली, तर मलम घेऊन बसू नये; वैद्यकीय अधिकाऱ्यास दाखवावे.

येथे एक जुनी सूचना पुन्हा सांगून ठेवतो. नाकाच्या आजूबाजूस व वरच्या ओठावर आलेली पुळी कधीही दाबून फोडू नये. त्या भागातील शिरांचा मेंदूजवळील शिरांशी संबंध असतो आणि पू उलटा आत गेल्यास क्वचित प्रसंगी प्राणावर बेतते. ज्यांना मधुमेह आहे, त्यांनी तर साध्या ओरखड्यालाही क्षुल्लक मानू नये. त्यांच्या जखमा उशिरा भरतात व लवकर चिघळतात.

यानंतर धनुर्वात. ज्यांच्या सविनय कायदेभंगावरील निबंधाचा महात्मा गांधींनी आदराने उल्लेख केला, ते अमेरिकेतील विचारवंत हेन्री डेव्हिड थोरो आपल्यापैकी अनेकांना ऐकून माहीत असतील. त्यांचे थोरले बंधू जॉन हे कॉन्कर्ड या गावी राहत. १८४२ सालच्या जानेवारीच्या पहिल्या दिवशी वस्तऱ्याला चामड्याच्या पट्ट्यावर धार लावताना त्यांच्या बोटाला जरासे कापले. जखम इतकी लहान की तिची फारशी दखलही घेतली गेली नाही. थोड्याच दिवसांत त्यांचा जबडा आखडला, अंगाला झटके येऊ लागले, आणि ११ जानेवारीस त्यांनी आपल्या भावाच्या हातांवर प्राण सोडला. तेव्हा धनुर्वाताची लस नव्हती. आज ती आहे. आणि तरीही ती न घेता राहिलेली प्रौढ माणसे आपल्या गावात किती आहेत, याचा ज्याने त्याने आपल्या घरापुरता विचार करावा.

लोखंडाच्या गंजाने धनुर्वात होतो अशी समजूत आहे. गंज हे त्याचे कारण नव्हे. माती, शेण व धूळ यांत राहणाऱ्या एका जंतूचे बीज जखमेत गेल्याने तो होतो. शेतकरी कुटुंबाच्या हातापायांना तर ही माती बारा महिने लागलेली असते. बालपणीच्या लसी घेतलेल्या मुलांना १० व १६ व्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस सरकारी योजनेतून मिळते. मोठ्यांनी दर दहा वर्षांनी एक मात्रा घ्यावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारल्यास याची माहिती मिळते.

आता लपून राहणाऱ्या शत्रूंकडे वळू. ते तीन आहेत. कावीळ आणणारा हिपॅटायटिस बी, त्याचाच दूरचा भाईबंद हिपॅटायटिस सी, आणि एड्सचे मूळ असलेला एचआयव्ही. तिन्ही विषाणू रक्तातून पसरतात. तिघांचीही नावे एका दमात घेतली जातात. पण वस्तऱ्याच्या बाबतीत तिघांचे बळ सारखे नाही, आणि भीती बाळगावयाची तर ती योग्य मापाने बाळगावी.

एचआयव्हीचा विषाणू शरीराबाहेर दुबळा असतो. रक्त वाळले की तो लवकर निष्प्रभ होतो. बाधित रक्त असलेली सुई टोचली गेली, तरी हजारांत सुमारे ३ जणांनाच त्याची बाधा होते असे आढळले आहे. दाढीच्या ओरखड्याने होणारा धोका त्याहूनही पुष्कळ कमी. उलट हिपॅटायटिस बी पाहा. त्याचा विषाणू वाळलेल्या रक्तात, टेबलावर वा पात्यावर, निदान ७ दिवस जिवंत राहतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या रक्ताच्या कणातही तो पुरेसा असतो. ज्यांनी लस घेतलेली नाही अशांना बाधित सुई टोचल्यास शंभरांत ६ ते ३० जणांना बाधा होऊ शकते. ओरखडा म्हणजे सुई नव्हे, हे खरे. पण सुई आयुष्यात एखादे वेळी टोचते, आणि वस्तरा दर आठवड्याला गालावर फिरतो. हिपॅटायटिस सी या दोहोंच्या मध्ये बसतो; तोही कोरड्या पृष्ठभागावर कित्येक दिवस टिकून राहतो.

या विषाणूंची ओळख आपल्याला फार उशिरा पटली. हिपॅटायटिस बीचा शोध बारूक ब्लमबर्ग यांच्या १९६० नंतरच्या दशकातील संशोधनातून लागला व त्याबद्दल त्यांना १९७६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. हिपॅटायटिस सीचा विषाणू तर १९८९ साली ओळखला गेला. म्हणजे आपले आजोबा ज्या वस्तऱ्याने दाढी करीत, त्या वस्तऱ्यावर काय बसले आहे हे त्या काळी जगातील कोणत्याही डॉक्टरास ठाऊक नव्हते. त्यांचा अज्ञानाचा दोष नव्हे. आपल्याला मात्र ती सबब नाही.

हे रोग किती पसरले आहेत? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ सालच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांना हिपॅटायटिस बी व सुमारे ५५ लाख लोकांना हिपॅटायटिस सीची दीर्घकालीन बाधा होती. यांपैकी बहुसंख्यांना आपल्याला काही झाले आहे याची कल्पनाच नसते. ते शेतावर जातात, बाजार करतात, गायनमंडळात गातात, आणि शनिवारी संध्याकाळी खुर्चीवर बसतात. त्यांचा काहीही अपराध नसतो. वर्षानुवर्षे विषाणू यकृताला आतून पोखरतो. शेवटी पोटात पाणी होते, रक्ताच्या उलट्या होतात, किंवा यकृताचा कर्करोग होतो. मग लोक म्हणतात, ‘तो तर दारूला शिवतही नव्हता, याला हे कसे झाले?’

न्यायबुद्धीने हेही सांगितले पाहिजे की, हे रोग पसरण्याचा मुख्य मार्ग न्हाव्याचे दुकान नव्हे. बाधित मातेकडून बाळाला, न उकळलेल्या किंवा पुन्हा वापरलेल्या इंजेक्शनच्या सुईतून, तपासणी न केलेल्या रक्तातून व शरीरसंबंधातून ते अधिक पसरतात. जत्रेत एकाच सुईने अनेकांना गोंदणारा किंवा कान टोचणारा हादेखील वस्तऱ्याहून मोठा धोका होय. परंतु लहान छिद्रानेही घागर रिकामी होते, आणि हे छिद्र बुजविणे आपल्या हाती आहे, तेही एका पात्याच्या किमतीत.

दाढीच्या साहित्यातून रोग पसरतो ही कल्पना काही नवी नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंड व अमेरिकेत अनेक सैनिकांना व नागरिकांना चेहऱ्यावर व मानेवर काळपुळीचा रोग झाला. शोध घेता असे दिसून आले की, दाढीच्या स्वस्त ब्रशांत घोड्याचे केस निर्जंतुक न करता वापरले गेले होते. त्या केसांतील जंतू दाढीच्या ओरखड्यांतून आत शिरत होते. साबणाच्या पांढऱ्याशुभ्र फेसातून मृत्यू येऊ शकतो, असे त्या सैनिकांना कुणी सांगितले असते तर तेही हसलेच असते.

आता दुकानात प्रत्यक्ष काय चालते ते पाहू. पूर्वी न्हाव्याच्या धोकटीत एकच वस्तरा असे व तो पट्ट्यावर घासून साऱ्या गावाला पुरे. आता बहुतेक ठिकाणी दोन धारांचे पाते मधोमध मोडून त्याचे अर्धे वस्तऱ्यात बसविण्याची पद्धत आहे. ही पद्धत उत्तम. मात्र ते अर्धे पाते एकाच माणसाला वापरून फेकले पाहिजे. घोटाळा येथेच होतो. दाढीला नवे पाते लावतात. पण केस कापल्यावर मानेवरची व कानामागची कड साफ करावयास ‘तेवढ्याला कशाला नवे’ म्हणून आधीच्या गिऱ्हाइकाचेच पाते फिरते. मानेची कातडी काही गालाहून वेगळी नाही.

‘पण तो डेटॉलच्या पाण्यात बुडवतो की!’ असे कुणी म्हणेल. वाटीतील सकाळच्या गढूळ पाण्यात पाते क्षणभर बुडविल्याने वास येतो, रोग जात नाही. पंचाला पुसल्याने रक्त दिसेनासे होते, विषाणू नाहीसा होत नाही. काडी पेटवून पात्यावरून झर्रकन फिरविल्याने समाधान होते, निर्जंतुकीकरण होत नाही. तुरटी कातडी आकसून रक्त थांबवते, एवढाच तिचा गुण. आणि एकच खडा दहा जणांच्या जखमांवर फिरला, तर तो औषध न राहता रोगाचा टपालवाला बनतो. तुरटी हवीच असेल तर तिची पूड करून, कापसाच्या स्वच्छ बोळ्याने लावावी व तो बोळा टाकून द्यावा.

मग योग्य काय? प्रत्येक माणसाला नवे पाते, तेही त्याच्या डोळ्यांदेखत पुडीतून काढलेले. वस्तऱ्याची मूठ व पाते धरणारा चिमटा प्रत्येक वेळी साबण-पाण्याने धुऊन निर्जंतुक केलेला. धातूची कात्री वीस मिनिटे पाण्यात खळखळ उकळून घेता येते. किंवा घरगुती ब्लीचचा एक भाग व पाण्याचे नऊ भाग असे ताजे द्रावण करून, आधी धुतलेले साहित्य त्यात निदान दहा मिनिटे ठेवून, मग स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडे करता येते. वापरलेली पाती पत्र्याच्या बंद डब्यात टाकावीत. ती उकिरड्यावर फेकली म्हणजे झाडणाऱ्याच्या हाताला, अनवाणी पोराच्या पायाला किंवा गुराच्या तोंडाला लागतात, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे.

आता त्या भिडेकडे येतो. ‘भीड भिकेची बहीण’ अशी आपल्या भाषेत म्हण आहे. भिडेपायी मनुष्य पैसा गमावतो, शेत गमावतो, हे आपण जाणतो. भिडेपायी तो आरोग्यही गमावतो, ही गोष्ट त्या म्हणीत बसविण्याची वेळ आली आहे. भाजीवाल्या बाईकडे किडके वांगे परत द्यावयास आपण लाजत नाही. कापड मोजताना गज कमी पडला तर भांडतो. मग जेथे आपल्या रक्ताचा प्रश्न आहे तेथेच आपली जीभ टाळूला का चिकटावी?

याचे कारण मला असे वाटते की, ‘पाते बदल’ असे म्हणताना आपण त्या माणसाला अस्वच्छ ठरवीत आहोत असे आपल्याला वाटते. आणि त्यालाही तसेच ऐकू येते. ज्याच्या व्यवसायाला समाजाने शतकानुशतके कमी लेखले, त्याच्या मनाला हा शब्द चटकन लागतो. म्हणून प्रश्न केवळ बोलण्याचा नसून कसे बोलावे याचा आहे. बाकावर चार माणसे ऐकत असताना, पाते गालाला लागल्यावर, कपाळाला आठ्या घालून बोलू नये. खुर्चीवर बसण्यापूर्वीच, हसतमुखाने, “दादा, आज नवं पातं लाव हं, पैसे वरचे घे,” असे म्हणावे. किंवा खिशातून आपले पाते काढून त्याच्या हाती द्यावे. अर्ध्या पात्याची किंमत चहाच्या कपाहूनही कमी असते. ती त्याने सोसावी असा हट्ट गरिबाने गरिबापाशी धरू नये.

आणि त्याला आणखी एक गोष्ट सांगावी. ती ऐकली की त्याचा राग राहणार नाही. या साऱ्या प्रकरणात सर्वांत अधिक धोका कुणाला असेल तर तो त्यालाच. गिऱ्हाईक आठवड्यातून एकदा वस्तऱ्याखाली येते. त्याचे हात दिवसभर परक्यांच्या रक्ताजवळ असतात. पाते मोडताना त्याचीच बोटे कापतात. जुने पाते काढताना तेच बोट पुन्हा कापते. नव्या पात्याचा आग्रह हा त्याच्याविरुद्धचा आरोप नव्हे, त्याच्याही लेकराबाळांची काळजी आहे, हे त्याला समजू द्यावे.

आपल्या धर्मात तर या व्यवसायाला तुच्छ लेखण्यास जागाच नाही. युरोपात एके काळी न्हावी हाच शस्त्रवैद्यही असे. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने वरिष्ठ दीक्षा घेतलेल्या धर्मसेवकांना कापण्याची व डागण्याची शस्त्रक्रिया करण्यास मनाई केली. हे काम पुढे बव्हंशी न्हाव्यांच्याच हाती राहिले. लंडनमध्ये न्हावी व शस्त्रवैद्य यांचा एकच संघ १५४० पासून १७४५ पर्यंत नांदला. आणि पेरू देशातील लिमा शहरी १५७९ साली जन्मलेले संत मार्टिन डी पोरेस यांनी बाराव्या वर्षी न्हाव्याच्याच हाताखाली उमेदवारी केली. केस कापणे, जखमा बांधणे, औषध देणे ही कामे ते तेथेच शिकले. त्यांची आई गुलामीतून मुक्त झालेली कृष्णवर्णीय स्त्री. त्यामुळे दोमिनिकन मठात प्रथम त्यांना सेवक म्हणूनच प्रवेश मिळाला. त्या मठात त्यांनी आपल्या बंधूंचे केस कापले, रुग्णालय सांभाळले, शहरातील भिकाऱ्यांच्या जखमा आपल्या हातांनी धुतल्या. ३ नोव्हेंबर १६३९ रोजी ते प्रभुचरणी लीन झाले. ६ मे १९६२ रोजी पोप तेविसावे जॉन यांनी त्यांना संतपद बहाल केले. न्हाव्यांचे आश्रयदाते संत म्हणून ख्रिस्तसभा त्यांच्याकडे पाहते. ज्याच्या हाती वस्तरा आहे त्याचे हात संताचे असू शकतात. फक्त ते हात स्वच्छ असावे लागतात.

समजा, काळजी घेऊनही कापले, आणि पाते जुने होते अशी शंका आली. तर घाबरू नये व दुर्लक्षही करू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी; ती पिळू नये, तिच्यावर चुना, हळदीची जुनी पूड, तंबाखू असे काही दाबू नये. स्वच्छ कापड दाबून धरले की रक्त थांबते. धनुर्वाताची मात्रा केव्हा घेतली हे आठवत नसेल तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे व तेथे सर्व हकीकत सांगावी. हिपॅटायटिस बीची लस घेतलेली नसेल, तर अशा प्रसंगानंतर शक्यतो २४ तासांच्या आत सुरू केलेली लस उपयोगी पडते. एचआयव्हीची खरोखर शंका असेल, तर प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. ती द्यावीत की नाही हे डॉक्टर ठरवतील. लाजेने चौथ्या दिवशी जाण्यापेक्षा भीड सोडून पहिल्याच दिवशी गेलेले बरे.

दुकानाला बोल लावून आपले घर विसरू नये. एका घरात बाप, लेक व पाहुणा असे तिघे एकच दाढीचे यंत्र वापरतात, हे आपल्याकडे सर्रास चालते. नखे कापण्याचे यंत्र व दात घासण्याचा ब्रशही एकमेकांचे वापरले जातात. घरातील मायेला मर्यादा नसावी. पण वस्तऱ्याला असावी. प्रत्येकाचा वेगळा, नाव ओळखता येईल असा. लग्नाच्या वेळी तर विशेष जपावे. नवरदेव, त्याचे भाऊ व मित्र ओळीने बसतात, घाई असते, चेष्टामस्करी चालते, आणि एकच पाते सर्वांच्या गालांवरून फिरते. नव्या संसाराच्या पहिल्याच दिवशी असा आहेर कुणाला मिळू नये. पात्यांची एक पुडी यजमानाने आधीच आणून ठेवावी.

सर्वांत मोठी तटबंदी मात्र लसीची. हिपॅटायटिस बीवर उत्तम लस उपलब्ध आहे. एके काळी ती परदेशातून येई व गरिबाला परवडत नसे. १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने ती आपल्या देशात तयार केली व तिची किंमत पुष्कळ उतरली. २०११ पर्यंत ती देशभरच्या बाललसीकरणात आली. बाळाला पहिली मात्रा जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यावी लागते. पुढील मात्रा ६, १० व १४ व्या आठवड्यांत पंचगुणी लसीतून मिळतात. ही घाई का, असे आजीबाई विचारतात. त्याचे उत्तर असे की, प्रौढ माणसाला बाधा झाली तर शंभरांतील सुमारे पंचाण्णव जणांच्या शरीरातून हा विषाणू आपोआप निघून जातो. पण जन्मतः बाधा झालेल्या बाळांपैकी सुमारे नव्वदांत तो कायमचा वस्तीला राहतो. म्हणून गरोदर स्त्रीची तपासणी व बाळाची पहिली लस या दोन गोष्टी कदापि चुकवू नयेत. मोठ्या माणसांनाही तीन मात्रांत ही लस घेता येते. न्हावी, परिचारिका व सफाईचे काम करणारे यांनी तर ती अवश्य घ्यावी.

हिपॅटायटिस सीवर लस नाही. पण औषध आहे. बहुतेक रुग्ण तोंडाने घेण्याच्या गोळ्यांच्या १२ आठवड्यांच्या उपचाराने पूर्ण बरे होतात. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात या दोन्ही कावीळरोगांची तपासणी व उपचार सरकारी रुग्णालयांत विनामूल्य करण्याची सोय झाली. चाळिशी उलटलेल्या प्रत्येकाने आयुष्यात निदान एकदा ही रक्ततपासणी करून घ्यावी, असे मी आग्रहाने सुचवतो.

शेवटी एक विनंती. अशी तपासणी झाली व कुणाच्या रक्तात विषाणू सापडला, तर ती बातमी गावभर करू नये. हे रोग एका ताटात जेवल्याने, हात हाती घेतल्याने, मुलाला कडेवर घेतल्याने किंवा ख्रिस्तमंदिरात एका बाकावर बसल्याने पसरत नाहीत. शांतीचा हात पुढे करताना कुणी आखडता घेऊ नये. वाटेवर घायाळ पडलेल्याच्या जखमांवर तेल व द्राक्षारस ओतणाऱ्या शोमरोनी माणसाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्याने जखम पाहून तोंड फिरवले नाही. आणि जखम तशीच उघडीही टाकली नाही. शेजाऱ्याची माया आणि जखमेची निगा, दोन्ही त्याने एकाच वेळी केल्या. आपल्यालाही तेच साधावयाचे आहे.

त्या वडीलधाऱ्या गृहस्थांना मी यांपैकी थोडेसेच सांगू शकलो. आवारात ऊन वाढत होते व त्यांना घरी जावयाचे होते. जाताना ते म्हणाले, “म्हणजे मी माझ्यासाठी नाही, त्याच्यासाठी म्हणायचे, असेच ना?” मी म्हटले, “दोघांसाठी.” ते जरा थांबले व म्हणाले, “मग जमेल.”

वाचकहो, येत्या शनिवारी तुम्हीही बाकावरून उठून खुर्चीकडे जाल. जाण्यापूर्वी खिशात एक पाते असू द्या, आणि ओठांवर एक गोड शब्द.